बारावीला बायो आहे, मग मॅथ्स कशाला?

अकरावीचा फॉर्म भरायची वेळ आली की पोशेऱ्यात काय, मोखाड्यात काय, एक सल्ला हमखास मिळतो : "बायो ठेव, मॅथ्स सोड, टक्के वाढतील." सल्ला देणाऱ्याला मुलीची किंवा मुलाची काळजीच असते. डॉक्टरकी मिळाली तर उत्तम, नर्सिंग मिळालं तरी चालेल, आणि काहीच जमलं नाही तर बायोटेक आहेच, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब मुळातच चुकलेला आहे, आणि त्याची किंमत दोन वर्षांनी, बारावीच्या निकालानंतर कळते.

बायोटेकमध्येच मोडणारी मॉलिक्युलर बायोइंजिनिअरिंग, म्हणजे रेण्वीय जैवअभियांत्रिकी, ही 'नीट' परीक्षा हुकलेल्यांसाठी ठेवलेली राखीव जागा नव्हे. ती अभियांत्रिकीची शाखा आहे. पेशीतले डीएनए, आरएनए, प्रथिनं हे रेणू समजून घ्यायचे आणि हवे तसे घडवायचे, इथपर्यंत काम जीवशास्त्राचं वाटतं. पण घडवलेली गोष्ट हजारो माणसांना पुरेल एवढी, दर वेळी अगदी तशीच आणि परवडेल अशा खर्चात तयार करायची म्हटलं की अभियंता लागतो, आणि त्याला गणित लागतंच.

एक उदाहरण जवळून पाहू. इन्सुलिन पूर्वी डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. 1978 मध्ये माणसाच्या इन्सुलिनचा जीन ई. कोलाय या जिवाणूत बसवण्यात आला आणि 1982 मध्ये असं इन्सुलिन औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. हा जिवाणू सोयीच्या वातावरणात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात केली तर दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर 107 कोटींहून अधिक. प्रत्यक्षात तसं होत नाही. टाकीतली साखर संपते, प्राणवायू कमी पडतो, जिवाणूंच्याच उष्णतेने पाणी तापतं आणि सगळे जिवाणू मरायला टेकतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत जे सहज जमलं, ते हजारो लिटरच्या फर्मेंटरमध्ये जमेलच असं नाही. हवा किती सोडायची, ढवळायचं किती वेगाने, साखर कधी आणि किती द्यायची, उष्णता कशी काढून घ्यायची, हे सगळं समीकरणं मांडून ठरतं. पाठांतराने मार्क मिळवणाऱ्या मुलाला हे काम कंटाळवाणं वाटेल. हिशेबात गोडी असलेल्याला मात्र इथे आयुष्यभर पुरेल एवढं खाद्य आहे.

म्हणूनच बी.टेक.च्या दारावर गणित आहे. जेईई मेनमधून अभियांत्रिकीला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं. राज्यात एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यावा लागतो. आयआयटी मद्रासला बायोलॉजिकल इंजिनिअरिंग, आयआयटी दिल्लीला बायोकेमिकल इंजिनिअरिंग आणि बायोटेक्नॉलॉजी अशा पदव्या आहेत, आणि तिथे जाणारी वाट जेईईची आहे, नीटची नव्हे. बायो आणि मॅथ्स दोन्ही विषय एकत्र घेता येतात, हे तर अनेकांना ठाऊकच नसतं. गणित सोडलंच असेल तर सगळं बुडालं असंही नाही. पुण्यासह देशातल्या आयसर संस्थांच्या प्रवेश परीक्षेला जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित यांपैकी तीन विषय बारावीला असले तरी बसता येतं (पेपरात मात्र चारही विषयांचे प्रश्न येतात, तेवढी तयारी हवी). बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोटेक करून पुढे आयआयटी जॅम किंवा गॅट-बी देऊन चांगल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला जाता येतं. वाट लांबते, एवढंच.

इंग्रजीची भीती वेगळी. आश्रमशाळेत दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला अकरावीत एकदम सगळं इंग्रजीत येतं, आणि पहिली सहामाही तो अक्षरशः गप्प बसून काढतो. पण जेईई मेनचा पेपर 2021 पासून मराठीतही मिळतो, हे कळलं तर निदान पहिली पायरी चढताना पाय लटपटणार नाहीत. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते.

आता "बायोटेक म्हणजे बीटी कापूस" हा समज. भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, त्यात जालन्याच्या महिकोचा हात होता, आणि त्यावरून झालेले वाद अजून शमलेले नाहीत. वाद घालणाऱ्यांचं चुकतं असंही मला म्हणायचं नाही. पण त्या एका पिकावरून सगळी विद्या ओळखणं बरं नाही. पुण्याच्या जिनोव्हाने तयार केलेली आणि 2022 मध्ये परवानगी मिळालेली देशातली पहिली एमआरएनए लस याच विद्येतून आली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, त्यांच्यात बदल करून कर्करोगाशी लढायला परत सोडणारी नेक्सकार-19 ही उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडली. तिला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली.

"ठीक आहे, पण आपल्या भागाशी याचा काय संबंध?" हा प्रश्न मला सगळ्यांत चुकीचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

पावसाळ्यात भाताच्या खाचरात काम करणाऱ्याला साप चावणं ही इथे वर्तमानपत्रातली बातमी नसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर आपल्याकडचं प्रतिसर्पविष तयार होतं. ते करायची रीत जुनी : विषाची थोडी थोडी मात्रा घोड्याला टोचायची आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काढून घ्यायची. हे औषध जीव वाचवतं, आजही तेच द्यावं लागतं, आणि भगताकडे वेळ घालवण्यापेक्षा दवाखाना गाठणं कधीही शहाणपणाचं. पण त्यात उणिवा आहेत. घोड्याच्या प्रथिनांची रिॲक्शन येऊ शकते. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळे एका भागातल्या सापांच्या विषावर केलेलं औषध दुसरीकडे तितकंच लागू पडेल असं नाही. जानेवारी 2025 मध्ये डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागाच्या विषातल्या एका प्रकारच्या घातक रेणूंना घट्ट पकडून ठेवणारी नवी प्रथिनं संगणकावर आखून तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. ती दिलेले उंदीर त्या रेणूंच्या माऱ्यातून वाचले. बेकर यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते प्रथिनं आखण्याच्या कामासाठीच. माणसांसाठी हे औषध व्हायला अजून बराच अवकाश आहे. पण असं औषध घडवणाऱ्यांमध्ये फुरसं चावलेला माणूस डोळ्यांनी पाहिलेलं कुणी असेल, तर प्रश्न वेगळे विचारले जातील.

दुसरं, सिकलसेल. आदिवासी भागात त्याची तपासणी आता नवलाची राहिलेली नाही. हा आजार डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलामुळे होतो : हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये जीएजीच्या जागी जीटीजी येतं, त्यामुळे प्रथिनातला एक दुवा बदलतो आणि प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मग लोक विचारतात, कात्री लावून ते अक्षर दुरुस्त करून टाका की! डीएनए कापणाऱ्या क्रिस्पर तंत्रावरचं पहिलं औषध, कॅसजेव्ही, 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालं, पण हे औषध ते अक्षर दुरुस्त करतच नाही. जन्मानंतर बंद पडणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू व्हावं म्हणून ते दुसरीकडेच काप घेतं. त्यासाठी रुग्णाच्या मूलपेशी काढून घ्यायच्या, जोरदार केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करायची, मग बदललेल्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत याचा खर्च 22 लाख डॉलर सांगितला जातो. आणखी एक गैरसमज असा, की एकदा उपचार झाला की पुढची पिढीही सुटली. तसं नाही. बदल फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींत होतो, बीजपेशींत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक राहतेच, म्हणून लग्नाआधीची रक्ततपासणी आजही तितकीच गरजेची. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने बिरसा मुंडांच्या नावाने 'बिरसा 101' ही देशी क्रिस्पर उपचारपद्धती विकसित केली. नोव्हेंबर 2025 मध्ये ती जाहीर झाली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आली. ती तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही; पण खर्च खाली आणणं हे पुन्हा अभियंत्यांचंच काम आहे.

नागली आणि वरईबद्दल थोडक्यात. जनुकांचं वाचन करणं म्हणजे बियाणं बदलणं नव्हे. जव्हार भागात बाएफ संस्थेने स्थानिक वाण जपण्याचं काम केलं आहे, आणि 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवण्याचा हक्क आहे. कुठल्या वाणात काय दडलंय हे वाचता येणारं माणूस गावातलंच असलं तर तो हक्क कागदावर राहणार नाही.

नोकरीचं मात्र गोड बोलून चालणार नाही. बी.टेक. किंवा बी.एस्सी. बायोटेक झाल्या झाल्या सॉफ्टवेअरवाल्यांसारखा पगार मिळतो, ही क्लासच्या जाहिरातीतली गोष्ट. पदवीनंतर औषध कंपन्यांत उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीची कामं मिळतात, आणि औषधं-रसायनांचे कारखाने आपल्याच जिल्ह्यात बोईसर-तारापूरला आहेत. पण सुरुवातीचा पगार बेताचा असतो. संशोधन करायचं तर एम.एस्सी. किंवा एम.टेक. आणि बहुधा पीएच.डी. हवी, म्हणजे बारावीनंतर नऊ-दहा वर्षं. घरी हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यातली पीएच.डी.ची वर्षं मात्र फुकट राबायची नसतात : ज्युनिअर रिसर्च फेलोशिप 2023 पासून महिना 37 हजार रुपये आहे, आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी 750 राष्ट्रीय फेलोशिप वेगळ्या.

"एवढा पैसा कुठून आणायचा?" आयआयटीत अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ असतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयं योजनेतून खर्चाला पैसे मिळतात. चौकशी जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात करायची. परदेशाचंही तसंच. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात नेमक्या मॉलिक्युलर बायोइंजिनिअरिंग याच नावाची पदव्युत्तर पदवी इंग्रजीतून शिकवतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे 12 हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. त्यासाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे : देशभरात 20 जागा, त्यांतल्या तीन आदिम जमातींसाठी, ज्यांत आपल्याकडचे कातकरी येतात.

या सगळ्यात अडवणारा कागद एकच, जात वैधता प्रमाणपत्र. राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच. आजोबांच्या शाळेचा दाखला, महसुली नोंदी, नावातल्या काना-मात्रेचे फरक यांत महिने जातात. अर्ज कॉलेजमार्फत अकरावीतच करता येतो. बारावीच्या निकालानंतर तो करायला निघालेल्याची जागा कागद हातात येईपर्यंत दुसऱ्याला गेलेली असते.