संगणनशास्त्राचें चौथें वर्ष

पदवीचीं तीन वर्षें संपत आलीं म्हणजे हल्लीं पुण्यांतील पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलास अगर मुलीस आणखी एक वर्ष शिकावेंसें वाटतें, आईबाप म्हणतात, "पदवी तर हातीं आली, मग चौथें वर्ष कशाला?" हा प्रश्न गैरवाजवी नाहीं. एका वर्षाचा खर्च वाढतो आणि एका वर्षाची मिळकत लांबणीवर पडते. म्हणून संगणनशास्त्रांत हें वर्ष घेणाऱ्यास काय शिकावयाचें असतें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडण्याची किंवा चौथें वर्ष करून 'ऑनर्स' पदवी मिळविण्याची मुभा दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें, पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ गुण मिळविणारास चौथ्या वर्षीं संशोधनासह ऑनर्स करतां येतें. त्यांत १२ श्रेयांक प्रबंधाचे असतात.

आतां शास्त्राकडे वळूं. संगणनशास्त्र म्हणजे केवळ संगणक चालविण्याची विद्या नव्हे. निसर्गांतील घडामोड समीकरणांत मांडावयाची. तीं समीकरणें कागदावर सुटत नसतील तर काळाचे व स्थळाचे लहान तुकडे पाडून आंकड्यांनीं सोडवावयाचीं. आणि आलेलें उत्तर निसर्गाशीं ताडून पाहावयाचें, असें हें शास्त्र आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊं. चहा ८० अंश ऊन आहे व खोलींतील हवा ३० अंश. या दोहोंतील अंतराच्या एक-दशांश इतक्या वेगानें चहा दर मिनिटास निवतो असें समजा. मिनिटामिनिटाचा हिशेब केला तर तो ७५, मग ७०.५ असा उतरत दहा मिनिटांनीं सुमारें ४७ अंशांवर येतो. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब केला तर सुमारें ४८ येतात. पाऊल लहान केलें तरी उत्तर फारसें हालत नाहीं. तेव्हां त्यावर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं. पण कोणी उतावळा वीस मिनिटांची एकच उडी घेईल तर पांच अंशांस विसांनीं गुणून शंभर अंश वजा करील, आणि चहा शून्याखालीं २० अंशांवर नेऊन ठेवील! गुणाकार बिनचूक, उत्तर मात्र खोटें. यंत्र "मला ठाऊक नाहीं" असें आपण होऊन कधींच म्हणत नाहीं. तें माणसानें ओळखावें लागतें.

लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें २० मे १९१० च्या नोंदी घेऊन सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हें हातानें आकडेमोड करून काढलें. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमींची ने-आण करीत असतां त्यानें हें काम केलें. उत्तर आलें १४५ मिलिबार. प्रत्यक्षांत दाब जवळजवळ स्थिर होता. १९२२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें हें अपयश लपविलें नाहीं. रीति मुळांत योग्य होती, आरंभींच्या नोंदींतील विसंगति नडली, हें पुढें सिद्ध झालें. आज जगांतील हवामानाचे अंदाज त्याच मार्गानें निघतात.

या कामाचें पुणें हें जुनें ठिकाण आहे. हवामान खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून येथें आलें. १९८८ सालीं येथें स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंत २०२४ सालीं 'अर्क' बसविला गेला. एका सेकंदांत ११७ कोटि कोटींहून अधिक गणितें करण्याची त्याची क्षमता आहे. त्याच संस्थेनें तयार केलेल्या व २०२५ सालीं सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्यें १२ किलोमीटरांच्या जाळीऐवजीं ६ किलोमीटरांची जाळी आली. जाळी बारीक झाली म्हणजे मावळांतील डोंगर व दऱ्या हिशेबांत अधिक नीट धरल्या जातात. भाताची लावणी केव्हां करावी हें ठरविणाऱ्या शेतकऱ्यास खोटें उत्तर किती महाग पडेल, हें सांगावयास नको.

चौथ्या वर्षीं विद्यार्थी असाच एखादा लहानसा प्रश्न घेतो. त्याचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें, मार्गदर्शकासही तें आधीं ठाऊक नसतें. प्रोग्राम लिहावा, तो चुकावा, चूक शोधावी, आणि काय साधलें व काय साधलें नाहीं तें प्रबंधांत प्रामाणिकपणें लिहावें, असा हा क्रम आहे. तीन वर्षांत विद्यार्थी उत्तर काढावयास शिकतो. या वर्षीं तो स्वतःच्या उत्तरावर शंका घ्यावयास शिकतो.

तरीही हें वर्ष प्रत्येकानें घ्यावेंच असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास गणिताची गोडी नाहीं, किंवा ज्याच्या मिळकतीवर घर अवलंबून आहे, त्यानें तीन वर्षांनीं बाहेर पडण्यांत कमीपणा मानूं नये. ज्यास घ्यावयाचें असेल त्यानें मात्र आपल्या महाविद्यालयांत संशोधनाची सोय व मार्गदर्शक आहे कीं नाहीं, याची आधीं चौकशी करावी. शाळेंतील विद्यार्थ्यांनीं तोंवर एक करावें: गणिताचें उत्तर आलें कीं वही मिटण्यापूर्वीं तें संभवनीय आहे काय, हें एकदां पाहावें. वर दिलेल्या चहाच्या गणितापासूनच आरंभ करावा.