खिमा फ्रीजरमध्ये, तारीख मोबाईलमध्ये : घरच्या साठ्याची सोपी पद्धत

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि पाऊस पडला की घरातले सगळे कपाशी-सोयाबीनच्या पेरणीला लागतात. तेव्हा रोज बाजार करायला वेळ कुणाला? म्हणून बाजाराच्या दिवशीच आम्ही मटणाचा खिमा आणि किराणा एकदम आणतो. मग एक प्रश्न हमखास येतो : "हा खिमा कधीचा आहे रे?" वासावर भरवसा ठेवू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असं नाही.

खिमाच लवकर का खराब होतो?

अख्ख्या मटणात जंतू बहुतेक वरच्या भागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. ४ ते ६० अंश तापमानात ते झपाट्याने वाढतात. म्हणून खिमा फ्रीजमध्ये (४ अंश किंवा कमी) फक्त १-२ दिवस ठेवा. फ्रीजरमध्ये (उणे १८ अंश) चव ३-४ महिने चांगली राहते.

पाकिटं कशी करायची?

एका जेवणापुरती, पाव-पाव किलोची, चपटी पाकिटं करा. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि लवकर सुटतं. शेतावर जायच्या आदल्या रात्री एक पाकीट खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नको.

मोबाईलचं काम

१. गुगल कीपमध्ये चेकबॉक्सवाली यादी बनवा : "खिमा, पाव किलो, ४ पाकिटं, भरल्याची तारीख".
२. 'कोलॅबोरेटर' पर्यायातून आई-बाबांचा ईमेल जोडा. आता यादी सगळ्यांच्या फोनवर दिसेल. पाकीट काढलं की टिक करायची.
३. गुगल कॅलेंडरमध्ये ३ महिन्यांनंतरचा 'टास्क' लावा.
४. शेतात रेंज नसली तरी कीप चालतं. नेट आलं की यादी आपोआप जुळते.

याच यादीत किराणाही लिहा. तूरडाळ कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर हवाबंद डब्यात भरा. गव्हाच्या पिठाला उन्हाळ्यात लवकर खवट वास येतो, त्यामुळे महिन्याभरात संपेल एवढंच दळून आणा. नवीन माल मागे, जुना पुढे.

लाईट गेली तर?

दार उघडू नका! बंद फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. लाईट जाताच फोनवर वेळ टिपा. महावितरणकडे तुमचा मोबाईल नंबर नोंदवून ठेवा, म्हणजे ठरलेल्या बंदचा मेसेज येतो.

घरी कुणीच नसेल तर? वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तो खिमा फेकून द्या.

पाव किलो खिम्याचे पैसे जातील, पण घरातल्या लहान-म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायची वेळ येणार नाही. आज रात्री जेवण झालं की फ्रीजर उघडा, पाकिटं मोजा आणि यादी सुरू करा. दहा मिनिटांचं काम आहे.