साठ दिवसांत पंचेचाळीस दिवस झोप

धुळ्याचं देवपूर असो की जळगावचं पिंप्राळा, डिसेंबरच्या सकाळी एखाद्या ओट्याखाली वाकून बघा. कुत्र्याची चार-पाच पिलं एकमेकांच्या अंगावर पडून गाढ झोपलेली दिसतील. मध्येच उठतात, दहा-पंधरा मिनिटं गल्ली डोक्यावर घेतात, चपला पळवतात आणि जिथे असतील तिथे आडवी होतात.

पिलू दिवसाला १८ ते २० तास झोपतं. १८ तासच धरले तरी पहिल्या दोन महिन्यांची झोप १,०८० तास, म्हणजे सलग ४५ दिवस भरते. जागेपणी गेले ते १५ दिवस. त्यातही जन्मानंतर साधारण दोन आठवडे डोळे मिटलेलेच. ते वजा केले तर दोन महिन्यांच्या पिलाने हे जग पाहिलं ते जेमतेम साडेअकरा दिवस. तेवढ्यात ते आईला, भावंडांना, गल्लीला आणि भाकरी टाकणाऱ्या हाताला ओळखू लागतं!

एवढी झोप लागते, कारण आत प्रचंड काम चाललेलं असतं. जन्मतः त्याचं हृदय मिनिटाला २०० च्या वर ठोके टाकतं. दिवसाचे २,८८,००० ठोके, आपले सुमारे एक लाख. जन्माच्या वेळी ३०० ग्रॅमचं असलेलं पिलू वर्षभरात १५ किलोचं झालं, तर ते ५० पट वाढलं. तीन किलोचं बाळ याच वेगाने वाढलं असतं तर पहिल्या वाढदिवसाला दीडशे किलोचं झालं असतं.

या वाढीला इंधनही तसंच लागतं. पशुवैद्यकांच्या नेहमीच्या सूत्राने दोन किलोच्या पिलाची रोजची गरज सुमारे ३५० कॅलरी निघते. शंभर ग्रॅम पिठाच्या एका कळण्याच्या भाकरीत साधारण तेवढीच ऊर्जा असते. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या माणसाला दिवसाला २,१०० कॅलरी पुरतात. त्याने पिलाच्या हिशेबाने खायचं ठरवलं, तर रोज बत्तीस भाकऱ्या थापाव्या लागतील.

झोपलेल्या पिलाजवळ जरा वेळ बसा. पाय झटकतात, मिशा थरथरतात, पापणीखाली बुबुळ फिरतं, बारीक कुईकुई ऐकू येते. घाबरून त्याला हलवू नका. मेंदू आणि स्नायूंची जुळणी याच झोपेत पक्की होत असते, वाढीचं संप्रेरकही गाढ झोपेतच जास्त स्रवतं.

खान्देशात मात्र या झोपेची परीक्षा असते. गल्लीतली बहुतेक पिलं थंडीच्या दिवसांत जन्मतात. तेव्हा रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो आणि नवजात पिलाला स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही. आईची कूस आणि भावंडांची ऊब एवढाच आधार. तीच पिलं पाच महिन्यांची होतात न होतात तोच मे उजाडतो आणि जळगाव-भुसावळात पारा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायांना, बाकी सगळा भार जिभेवर. धापा मिनिटाला ३०० वर गेल्या तर तासाला १८,००० होतात. अशा दुपारी झोप कसली लागणार?

कोलकात्याच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या ३६४ पिलांवर नजर ठेवली. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वयात येईपर्यंत जगली ती फक्त १९ टक्के, आणि बहुतेक मृत्यूंना या ना त्या रीतीने माणूसच कारणीभूत होता.

म्हणून एवढं करा. मुलांना सांगा, झोपलेलं पिलू उचलायचं नाही. थंडीत ओट्याखाली एक जुनं पोतं टाका, उन्हाळ्यात सावलीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. आणि गाडी सुरू करण्याआधी चाकाखाली एकदा वाकून बघा.