कर्तव्यावरील मृत्यू आणि वारसांचे हक्क

चेन्नईच्या कोळत्तूर भागातील सराफी दुकानात नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरी झाली. टोळीच्या मागावर गेलेल्या शहर पोलिसांच्या पथकातील निरीक्षक पेरियपांडियन यांना १३ डिसेंबर रोजी राजस्थानातील पाली जिल्ह्यात गोळी लागून वीरमरण आले. ती गोळी सहकाऱ्याच्या हातून चुकून सुटल्याचे राजस्थान पोलिसांनी पुढे सांगितले. तरी मृत्यू कर्तव्यावरचाच होता. तमिळनाडू शासनाने कुटुंबास १ कोटी रुपये जाहीर केले.

असा आकडा वृत्तपत्रांत झळकतो. पुढची वाट मात्र बँकेतून जाते. सानुग्रह रक्कम, भविष्य निर्वाह निधी, विमा, कुटुंब निवृत्तिवेतन, प्रत्येकाचा अर्ज निराळा. पगाराचे खाते बहुधा एकट्याच्या नावे असते आणि नामनिर्देशन विवाहापूर्वीचे, म्हणजे आईच्या नावे राहून गेलेले. मग दुःखात भर पडते ती घरातल्या घरात.

वस्तुतः खात्यातील रकमेची नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्त असते, मालक नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास, पत्नी, मुले आणि आई यांचा हक्क सारखाच राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते व प्रत्येकीचा हिस्साही नोंदविता येतो. गणवेशातील खातेदार शाखेत आल्यास त्याची जुनी नोंद कर्मचाऱ्यांनी आपणहून दाखवावी.