संगणक वापरताना झालेल्या माझ्या चुका

संगणक कसा चालवावा हे शिकविणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तो चालविताना आपण कोठे फसतो हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील लिखाणाचे काम मी गेली अनेक वर्षे हौसेने करीत आलो आहे. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे काही कळले ते नुकसान झाल्यानंतरच कळले. त्यांपैकी काही प्रसंग येथे सांगतो.

पहिली चूक सर्वांत महाग पडली. २००४ साली माझ्या मावशीने गायिलेली लग्नाची गाणी मी ध्वनिमुद्रित केली होती. सगळी कादोडी बोलीतील, सगळी तोंडपाठ, कोठेही लिहून ठेवलेली नाहीत. दोन संध्याकाळी ती गात होती आणि मध्येच थांबून कोणते गाणे केव्हा म्हणावयाचे हेही सांगत होती. सत्तावीस गाणी झाली. ती मी संगणकाच्या डी ड्राइव्हवर ठेवली. कारण ‘सी बिघडतो, डी सुरक्षित असतो’ असे मला कोणीतरी सांगितले होते. हे अर्धेच खरे आहे. विंडोज नव्याने टाकताना डीवरील फाइली सहसा तशाच राहतात. परंतु पुष्कळ घरगुती संगणकांत सी आणि डी या एकाच हार्ड डिस्कमध्ये मधे भिंत घालून केलेल्या दोन खोल्या असतात. २००७ च्या पावसाळ्यात त्या डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही. सी गेला, त्याबरोबर डीही गेला. मावशी त्याच्या आदल्याच वर्षी देवाघरी गेली होती.

एक सीडी केलेली होती. ती खिडकीजवळच्या फळीवर होती. घरी लिहिलेल्या सीडीमध्ये माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर उमटलेली असते आणि ऊन व दमट हवा त्या थराला सोसत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ती सीडी कोणत्याही संगणकावर वाचली गेली नाही. सत्तावीस गाण्यांपैकी एकच उरले, कारण कॅनडातील भाच्याने हट्ट धरल्यामुळे ते मी त्याला ई-मेलने पाठविले होते.

या प्रसंगानंतर मला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा इतिहास वारंवार आठवतो. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे ते छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर सापडलेली नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी घरोघर हाताने उतरून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. तशा प्रतींच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापून काढला. पोथ्या निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या हाती होत्या, हे विशेष.

जाणकार लोक यालाच तीन-दोन-एक असा नियम म्हणतात. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसईतील कितीतरी घरांच्या तळमजल्यात पाणी शिरले. संगणक आणि त्याची प्रत एकाच टेबलावर असतील तर अशा वेळी दोन्ही एकदमच भिजतात. बाहेरची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी हेही सांगतो. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइलींनाही सोडत नाहीत.

मोबाइलवरील छायाचित्रे आपोआप क्लाउडवर जातात, तीच प्रत पुरे, असे समजू नये. मी मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी नातीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची छायाचित्रे पुसली आणि क्लाउडवरूनही ती नाहीशी झाली. दोन्हीकडे एकसारखे ठेवणे हेच त्या सेवेचे काम असते; आपण येथे पुसले की ती तेथेही पुसते. कचरापेटीत काही दिवस ती राहतात, म्हणून ती मला मिळाली. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र सहसा विंडोजच्या कचरापेटीत जातच नाही. अशी चूक झाल्यास त्या पेनड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नये. पुसलेली माहिती बहुधा लगेच नष्ट होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. तेथे दुसरे काही लिहिले की ती खरोखर जाते.

आता थोडी हसण्याजोगी गोष्ट. सणाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन मी छापखान्यात गेलो. पेनड्राइव्ह उघडला, फाइलीचे नाव दिसले, पण ती उघडेना. डेस्कटॉपवरील ज्या चित्रावर मी रोज टिचकी मारीत असे ती फाइल नव्हती, फाइलीकडे नेणारा शॉर्टकट होता. मी घराऐवजी घराचा पत्ता तेवढा घेऊन गेलो होतो! तेव्हापासून निघण्यापूर्वी फाइलीचा आकार पाहतो. चाळीस पानांची छायाचित्रांसह स्मरणिका एक-दोन किलोबाइटची असणे शक्य नाही. साधल्यास दुसऱ्या संगणकावर ती उघडूनही पाहावी.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळाच धडा आहे. २००५ साली आमच्या धर्मग्रामाची स्मरणिका मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केली. अलीकडे तो मजकूर पुन्हा लागला तेव्हा फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक गोंधळ. फाइल बिघडलेली नव्हती. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. फॉन्ट नसला की मूळ रोमन अक्षरे उघडी पडत. (ख्रिस्तपुराणही देवनागरी खिळ्यांच्या अभावी रोमन लिपीत छापले गेले होते, हे येथे आठवते.) युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. विंडोज २००० पासून ही सोय आहे. मी आळसाने कितीतरी वर्षे जुन्यालाच चिकटून राहिलो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, त्यामुळे परिवर्तनात वेलांट्या, रफार व जोडाक्षरे सरकतात. ‘ख्रिस्त’ हाच शब्द माझ्या स्मरणिकेत तीन प्रकारे चुकलेला निघाला. तेव्हा पान न् पान वाचून तपासावे, आणि मूळ फाइल पुसू नये.

पासवर्डविषयी थोडक्यात. कार्यालयाच्या संगणकाचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता, आणि मी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होतो. त्या आठवड्यात फादरांना अंत्यविधीची सूचनाही हाताने लिहावी लागली. आता तो बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात असतो.

मावशीचे उरलेले गाणे आज आमच्या कुटुंबातील चार घरांत आहे. आपल्यापैकी अनेकांकडे घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेट असतील. त्या संगणकावर उतरवताना शक्यतो वेव्ह प्रकारात उतरवाव्यात. एका तासाला सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागते, पण आवाजातील काही गाळले जात नाही. नातेवाइकांना पाठविण्यासाठी त्यावरून लहान एमपीथ्री करता येते. उतरवून झाल्यावरही मूळ कॅसेट फेकू नये. ती कोरड्या जागी, लोहचुंबक व लाउडस्पीकर यांपासून दूर, उभी ठेवावी.