खांद्याच्या टोकाचं हाड मोडलं: झोळी की प्लेट?

बाईक घसरली, थेट खांद्यावर आपटलात आणि एक्स-रेत खांद्याच्या टोकाशी हाड मोडलेलं दिसलं. घरचे लगेच विचारतात, "ऑपरेशन लागेल का?" मी म्हणेन, आधी डॉक्टरांना विचारा, "लिगामेंट शाबूत आहेत का?"

का ते सांगतो. कॉलरबोनवरून बाहेरच्या बाजूला बोट फिरवत न्या. शेवटी जो सपाट भाग लागतो ना, ते अ‍ॅक्रोमिअन. पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचं हे टोक म्हणजे खांद्याचं छप्पर. कॉलरबोनच्या या टोकाला खालून धरून ठेवतात दोन मजबूत लिगामेंट.

ते पट्टे टिकले असतील, तर मोडलेले तुकडे सहसा फारसे सरकत नाहीत. काही आठवडे झोळी आणि मग हळूहळू व्यायाम, बहुतेकदा एवढ्यावर भागतं. पट्ट्यांची पकड सुटली असेल, तर मानेचे स्नायू लांब तुकडा वर ओढतात आणि हाताच्या वजनाने दुसरा खाली जातो. मध्ये फट राहिली की हाड न जुळण्याचा धोका वाढतो. म्हणून तरुण पेशंटला अशा वेळी बऱ्याचदा ऑपरेशन सुचवतात. वयस्कर माणसांत मात्र हाड नीट जुळलं नाही तरी फार त्रास होत नाही, असंही पुष्कळदा दिसतं.

ऑपरेशनमध्ये प्लेट-स्क्रू बसवतात किंवा मजबूत दोऱ्याने कॉलरबोन खालच्या हाडाशी बांधतात. हुकवाली प्लेट असेल, तर तिचा हुक अ‍ॅक्रोमिअनखाली घासतो. म्हणून ती सहसा काही महिन्यांनी काढावी लागते. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आधीच विचारून ठेवा.

अ‍ॅक्रोमिअनच मोडलं असेल, तर? तुकडा जागेवर असेल तर झोळी पुरते. छप्पर खाली झुकून आतले स्नायुबंध चेपत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. आणि एक गंमत: काहींचं अ‍ॅक्रोमिअन वाढीच्या वयात पूर्ण जुळलेलंच नसतं आणि एक्स-रेत ते फ्रॅक्चरसारखं दिसतं. शंका असली की सीटी स्कॅन करतात.

झोळीत असताना बोटं, मनगट हलवत राहा. कोपर आणि खांदा कधी हलवायचा, ते डॉक्टरांना विचारा. मालीश किंवा ओढाताण नको. हाडाच्या टोकाने कातडी ताणली गेली, हात बधिर किंवा गार पडला, दम लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.