ए३८०ची वायर आखूड का पडली?

● विमान : एअरबसचं दुमजली ए३८०, एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग.

● घोळ : डिझाइनच्या ‘कॅटिया’ सॉफ्टवेअरची जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये जुनी व्ही४ आवृत्ती, फ्रान्समधल्या तुलूजमध्ये नवी व्ही५. एकीकडचे बदल दुसरीकडे नीट उतरेनात.

● परिणाम : हॅम्बुर्गहून आलेले वायरिंग हार्नेस (वायरींचे जुडगे) तुलूजमध्ये जोडताना काही ठिकाणी आखूड पडले.

● फटका : २००६मधली पहिली डिलिव्हरी लांबली, सिंगापूर एअरलाइन्सला विमान मिळालं ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी.

● पीएलएम (प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट) कशासाठी? : असा घोळ होऊ नये म्हणून ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी आणि प्रत्येक बदलाची नोंद एकाच ठिकाणी ठेवण्यासाठी. डिझाइनर, पुरवठादार, शॉप फ्लोअर आणि सर्व्हिसिंगवाले या सगळ्यांसमोर एकच चालू आवृत्ती असते. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअर आणि शिस्त, दोन्ही सगळीकडे सारखी हवी.